पत्रावरचा पत्ता

माझ्या आजोबांनी विलायतेत गोरी बायको केली, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. कोणी पाहिलं नव्हतं, पण आमच्या गावाला एखादी गोष्ट माहीत असायला ती पाहावी लागत नाही. रत्नागिरीकडचं खाडीकाठचं गाव, घरटी एक तरी माणूस बोटीवर. आजोबाही बोटीवर आगवाले होते, म्हणजे बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून कोळसा टाकायचे. एका फेरीत ते इंग्लंडच्या बंदरात उतरले आणि परत बोटीवर चढलेच नाहीत. उत्तरेकडच्या एका गावात कापडाच्या गिरणीत रात्रपाळीला लागले. पाच-सहा वर्षं त्यांची पत्रं आली, मग एका वर्षी बंद झाली.

तेव्हा माझे अब्बा दहा वर्षांचे होते. तिथून पुढे सत्तर वर्षं त्यांनी एकच विनोद ऐकला. शाळेत, जेटीवर, मशिदीच्या पायरीवर, स्वतःच्या लग्नातसुद्धा. "काय रे, तुझे गोरे भाऊ काय म्हणतात?" यात सगळ्यात पुढे असायचा त्यांचा चुलतभाऊ, शेजारच्याच घरातला. अब्बा त्याच्याकडे बघून काहीतरी पुटपुटायचे आणि विषय बदलायचे. गावाचं तोंड कोण धरणार! दादी, म्हणजे अब्बांची आई, मात्र शेवटपर्यंत गळ्यात काळ्या मण्यांचा लच्छा घालून होती. आमच्यात नवरा असलेली बाई घालते तो. आजोबांचं नाव निघालं की ती उठून चुलीकडे जायची.

गेल्या हिवाळ्यात अब्बा आमच्याकडे दोह्याला राहायला आले. चौथ्या दिवशी त्यांनी बॅगेतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत सात पत्रं होती, घड्या फाटायला आलेली. दादी गेल्यावर तिच्या पेटीत सापडलेली ही पत्रं त्यांनी इतकी वर्षं कोणाला दाखवली नव्हती, मलाही नाही.

"बाय, तुजा काम कागदांचाच हाय ना?" ते म्हणाले. "मंग माज्या बापाचा कागद शोध. मला बाकी काय नको. त्याने आमाला टाकलान की नाय, येवढाच कळू दे."

माझं काम कागदांचंच आहे, हे खरं. मी दोह्याच्या वेस्ट बेमधल्या एका इंजिनीअरिंग कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. कुठल्या ड्रॉइंगची कितवी रेव्हिजन कोणाला कधी पाठवली, हे मला विचारायचं. साहेब लोक मला घाबरून असतात, कारण "मेल मिळालीच नाही" म्हणणाऱ्याच्या तोंडावर मी त्याची सही ठेवते. तर असल्या बाईला सत्तर वर्षांपूर्वीचा एक माणूस शोधायला काय अवघड, असं मला वाटलं. पत्रावर पत्ता तर होताच. गावाचं नाव, गल्लीचं नाव, घर नंबर बावीस.

इंटरनेटवर त्या गावाचा इतिहास जमवणारं एक मंडळ सापडलं. पाच-सात म्हाताऱ्या माणसांनी मिळून चालवलेलं. आमच्या गावात पाच माणसं एका चटईवर बसवून दाखवा, असं मनात आलं. मी मेल टाकली आणि दोन दिवसांत एका बाईंचं उत्तर आलं. त्या पंचाहत्तरीच्या पुढच्या, जन्मापासून त्याच गावात राहिलेल्या. त्यांची आई आणि आजी दोघी त्या गिरणीत मागावर होत्या.

त्या बाईंच्या मेल्स म्हणजे मेजवानी होती. एक कालवा, एक गिरणी, आणि गिरणीच्या मालकाने कामगारांसाठी बांधलेल्या दगडी घरांच्या चार गल्ल्या, असं ते गाव. घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या, मागच्या अंगणात कोळशाची खोली. मागांचा आवाज इतका, की बायका एकमेकींचे ओठ वाचून बोलायच्या, आणि सवय अशी लागायची की बाजारातही आवाज न काढता लांबून कुचाळक्या करायच्या. हे मी अब्बांना वाचून दाखवलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. रात्रपाळीला गावातले लोक येईनात, म्हणून मग परदेशी माणसं ठेवली, असंही बाईंनी लिहिलं. आता चिमणी पाडली आहे आणि गिरणीत महागडे फ्लॅट आहेत.

संध्याकाळी अल गराफाच्या आमच्या घराच्या ओट्यावर अब्बा खुर्ची टाकून माझी वाट बघत बसायचे. गाडीतून उतरायच्या आत पहिला प्रश्न, "आली का तिची मेल?"

एकदा बाईंनी फोटो पाठवला. रात्रपाळीची बारा माणसं गिरणीच्या दारात उभी. अंगात मोठाले कोट, गळ्यात मफलर, तोंडावर झोप. खाली नावं नव्हती. मी फोटो मोठा छापून आणला. अब्बांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि डावीकडून तिसऱ्या माणसावर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट मागच्या रांगेतल्या उंच माणसावर गेलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बसलेला हाय तो आसंल. कान बघ." अब्बा चार वर्षांचे असताना बाप बोटीवर निघून गेलेला, तोंड आठवणार कुठून? मी उगाच त्यांच्यावर खेकसले, की फोटोवर बोटाचे डाग पडतायत.

महिन्याभराने बाईंची ती मेल आली. त्यांनी त्या वर्षांच्या मतदारांच्या याद्या काढून बावीस नंबरचं घर तपासलं होतं. त्या घरात सगळी वर्षं एकच माणूस, नाव आपल्याकडचंच, पण आजोबांचं नाही. गल्लीतल्या जुन्या माणसांनाही विचारून झालं होतं. बाईंनी लिहिलं होतं, सांगायला वाईट वाटतं, पण तुमचे आजोबा या घरात कधीच राहत नव्हते.

मी हे अब्बांना सांगितलं. त्यांनी पत्रांच्या पिशवीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हंजे पत्तोय खोटाच दिलान."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला आजोबांचा असा राग आला की काय सांगू. खोटा पत्ता कोण देतं? ज्याला लपवायचं असतं तो. बायकोने चुकून कोणाला पाठवलं, तर सापडू नये म्हणून. गाव म्हणत होतं ते खरंच निघालं, असं मी स्वतःशी कबूल केलं आणि फाइल बंद केली. अब्बांनी पिशवी परत बॅगेत ठेवली. मेलबद्दल विचारणंही सोडलं. सूक वाकिफच्या बाजारात फिरायला नेलं तर मसाल्यांच्या दुकानापाशी न थांबता सरळ चालत राहिले. एरवी हा माणूस दालचिनीचा भाव विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही.

बाईंना काही आमच्या घरातलं कळलं नव्हतं. त्यांनी नेहमीसारखं हौसेने विचारलं, गिरणीचे आणखी थोडे जुने फोटो छापून पाठवते, तुमचा पत्ता द्या. मी आमच्या कंपनीचा पोस्ट बॉक्स नंबर दिला. इथे आम्ही सगळे तेच करतो. त्यांचं उत्तर आलं, तुम्ही ऑफिसात राहता का? घराचा पत्ता द्या ना.

मी समजावून सांगायला बसले. लिहिलं, की आमच्याकडे टपाल घरी येत नाही, कंपनीच्या बॉक्सवर येतं. घराचा करार दुसऱ्याच माणसाच्या नावावर आहे, आम्ही त्याच्याकडून व्हिलाचा एक भाग भाड्याने घेतलाय. विजेचं बिलही त्याच्याच नावाने येतं. एवढं लिहिलं आणि हात थांबला. उद्या कोणी माझ्या पत्रावरून मला शोधायला निघालं, तर त्याला वेस्ट बेमधला एक टॉवर सापडेल, आणि तिथला माणूस सांगेल, ही बाई इथे कधीच राहत नव्हती. मी काय कोणाला फसवलं होतं?

मी उठले आणि अब्बांच्या बॅगेतून ती पिशवी काढली. सातही पाकिटं टेबलावर मांडली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पत्रं दादीला लिहिलेली होती, पण पाकिटांवर दादीचं नाव नव्हतंच. सगळ्या पाकिटांवर तिच्या भावाचं नाव आणि तिच्या माहेरचं गाव होतं, खाडीपलीकडचं. कारण पोस्ट तिथे होतं. दादीचा भाऊ पत्र घेऊन होडीने यायचा. इकडचा पत्ताही आमच्या घराचा नव्हता. आमच्या माणसांनी पत्ता म्हणजे राहायची जागा असं कधी धरलंच नाही. पत्ता म्हणजे ज्याच्याकडे कागद नीट पोचतो तो माणूस. बावीस नंबरचा गृहस्थ तसाच असणार, स्वतःचं घर असलेला, आणि बाकीचे दिवसपाळी-रात्रपाळीने एकाच खाटेवर आलटून पालटून झोपणारे.

मी बाईंना लिहिलं, घर सोडा, तो माणूस घरात सापडणार नाही. तो कामावर शोधा.

तीन आठवडे गेले. मग कळलं, की गिरणी बंद झाली तेव्हा कचऱ्यात निघालेले खोके कोणीतरी उचलून वाचनालयाच्या माडीवर ठेवले होते. इतकी वर्षं त्यांना कोणी हात लावला नव्हता. बाईंनी एकेक खोकं खाली आणून उघडलं. त्यांच्या गुडघ्यांचं मला फार वाईट वाटलं. चौथ्या खोक्यात रात्रपाळीच्या लोकांची कार्डं होती, आणि त्यात आजोबांचं कार्ड.

त्यावर नाव होतं, वडिलांचं नाव होतं, आमच्या जिल्ह्याचं नाव होतं. बायको एक, मुलगा एक. खाली वेगळ्या शाईत लिहिलं होतं, की थंडीत फुप्फुसं सुजून इस्पितळात मृत्यू, शहराच्या कबरस्तानात दफन. आणि शेवटची ओळ, पत्नीला कळवले. महिना पाहिला. शेवटचं पत्र आलं त्यानंतर सात आठवड्यांनी ते गेले होते.

मी ऑफिसातून तशीच निघाले. अब्बांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात वर करून दुआ मागितली. मग रडले, लहान मुलासारखे, आवाज करून. ऐंशीच्या घरातला माणूस बाप मेल्याची बातमी ऐकून रडत होता. मीही रडले. बाहेर माझी मुलगी विचारत होती, "व्हाय इज एव्हरीबडी क्राइंग?" मी दार उघडून तिला आत घेतलं.

"टाकलान नाय," ते म्हणत होते. "बघ बाय, त्याने आमाला टाकलान नाय."

पण कार्डाला टाचलेला आणखी एक कागद होता. तो मी त्यांना नंतर दाखवला. आजोबांचं सामान गिरणीने पार्सल करून पाठवलं होतं, ते मिळाल्याची पोच. खाली साक्षीदार म्हणून दादीच्या भावाची सही, आणि त्यावर एक अंगठा. काळा, जाड, मधोमध आडवी पांढरी रेघ गेलेला.

अब्बांनी कागद जवळ घेतला. "ही आईच," ते म्हणाले. खाडीत कालवं फोडताना सुरी लागून दादीचा डावा अंगठा चिरला होता. तो वण मलाही आठवत होता. सूप पाखडताना तो वर दिसायचा.

म्हणजे दादीला माहीत होतं. सत्तर वर्षांपूर्वीच, पार्सल आलं त्याच दिवशी. मग तिने सांगितलं का नाही? मला काही उलगडेना, आणि मी तावातावाने बोलायला लागले. नवरा मेला असताना गावाला त्याची बदनामी करू द्यायची? पोराला लोक टोचून बोलतात, ते ऐकत बसायचं?

अब्बांनी मला हाताने गप्प केलं. ते आठवत होते. "त्या वर्सी आमी मामाकडे गेलो व्हतो," ते सावकाश म्हणाले. "चार महिने. वर धा-बारा दिवस. मला सांगलानी, आई आजारी हाय. ती घराच्या बाहेर पडली नाय. कोणाच्या लग्नाला नाय, विहिरीवर नाय. मला वाटला, आता मरते."

चार महिने दहा दिवस. नवरा गेल्यावर बाईने घरात बसून पाळायची इद्दत. दादीने ती माहेरी, खाडीपलीकडे, आजारपणाच्या नावाखाली पूर्ण पाळली होती. मग लच्छा परत गळ्यात घातला, होडीत बसली आणि सवाष्णीसारखी सासरी आली.

"का पण?" मी विचारलं.

"माजा आजा जिवंत व्हता तेव्हा," अब्बा म्हणाले.

एवढं पुरलं. आमच्यात वाटणीचा नियम असा, की बापाच्या आधी मुलगा गेला आणि दुसरा मुलगा हयात असला, तर मेलेल्याच्या पोराला आजोबाच्या मिळकतीत वाटा नाही. आजोबाने जिवंतपणी काही लिहून दिलं तर गोष्ट वेगळी, पण माझे पणजोबा कोणाला काही लिहून देणाऱ्यातले नव्हते. अब्बांचा बाप मेला हे त्या वर्षी गावाला कळलं असतं, तर घर आणि आंब्याची कलमं सगळी अब्बांच्या थोरल्या काकाकडे, म्हणजे त्या चुलतभावाच्या बापाकडे गेली असती. दादी दहा वर्षांच्या पोराला घेऊन भावाच्या दारात बसली असती. पणजोबा आणखी दोन वर्षांनी गेले. वाटणी झाली तेव्हा आजोबा सगळ्यांच्या लेखी जिवंत होते, विलायतेत, गोऱ्या बायकोबरोबर. त्यांचा वाटा त्यांच्या पोरासाठी राखला गेला. ती अफवा दादीने उठवली नसेलही, पण तिला विझवलं नाही. पुढे तोंड उघडणं शक्यच नव्हतं. सांगितलं असतं तर घर कसं मिळालं तेही सांगावं लागलं असतं.

"ज्या घरात मी ऱ्हातंय, ते माज्या भावाचा हाय," अब्बा म्हणाले. भाऊ म्हणजे तोच चुलतभाऊ. आयुष्यभर ज्याने टोमणे मारले त्याचंच आम्ही काही घेऊन बसलो होतो, हे मला पचवायला दोन दिवस लागले. खरं सांगायचं तर अजून नीट पचलेलं नाही.

त्या शुक्रवारी नमाजनंतर चुलतभावाचा फोन आला. अब्बा इथे बसून बापाला शोधतायत, हे गावाला एव्हाना कळलंच होतं. अब्बांना कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो. पोच त्यांच्या मांडीवरच होती, मी छापून दिलेली. ख्यालीखुशाली झाली, गावातले कोण आजारी, कोणाची बोट आली ते झालं, आणि मग तो हसत म्हणाला, "काय रं, येवढा शोधतंस तर गावले का तुजे गोरे भाव?"

मी अब्बांकडे बघितलं. सत्तर वर्षांचं उत्तर हातात होतं. बोला, असं मी खुणेने सांगितलं.

अब्बा म्हणाले, "नाय रं. काय गावला नाय. तुमी म्हणतंव तसाच आसंल."

सत्तर वर्षांत पहिल्यांदा अब्बांनी ते कबूल केलं होतं, आणि जिंकल्यावर काय बोलायचं हे पलीकडच्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. शेवटी तो पडलेल्या आवाजात म्हणाला, "जाव दे रं. जुनी गोष्ट. तब्येतीला जप."

फोन बंद झाल्यावर मी भडकले. म्हटलं, अब्बा, हे तुम्ही काय केलंत? तुमच्या बापाने काही केलं नव्हतं. थंडीत रात्रपाळ्या करून मेला तो. तुम्हीच मला शोधायला लावलंत, मी शोधून दिलं, आणि तुम्ही स्वतःच्या तोंडाने त्याच्यावर शिक्का मारलात?

त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, गावी गेल्यावर मागच्या बाजूची कलमं चुलतभावाच्या पोरांना लिहून देणार आहेत, इन्शाल्ला. का म्हणून विचारलं, तर म्हातारा झालो, झेपत नाही, असं सांगतील. घराचंही बघतील.

"आणि आजोबांच्या नावाचं काय?" मी विचारलं.

"बाय, माजा बाप निजलाय तिकडं लांब, बर्फात. त्याच्या कानावर आपल्या गावाचा काय जाणार?" त्यांनी अंगठ्याचा कागद उलटा करून मांडीवर ठेवला. "आईची कबर जेटीच्या वाटेवर हाय. रोज सगळा गाव तिच्या बाजूनं जातो."